दर गिऱ्हाईकाचा, हमाली दुकानाची

कोल्हापुरातल्याच चार मित्रांनी विचारलं आहे: छोटे, स्वतंत्र गेम बनवणाऱ्यांसाठी ऑनलाइन दुकान काढायचं आहे. मराठी आणि बाकीच्या भारतीय भाषांतल्या गेमना तिथे हक्काची जागा मिळावी. गेमवर ठरलेली किंमत नसेल. गिऱ्हाईकाला वाटेल तेवढे पैसे त्यानं द्यावेत, नसतील तर शून्य. आलेल्या पैशातले दहा टक्के दुकान ठेवणार. असं दुकान तगेल का?

रोजचं दुकान म्हणून तगणार नाही. वर्षातून दोन-तीनदा भरणारी जत्रा म्हणून मात्र हाच दर उत्तम चालतो, आणि त्या जत्रेतून रोजच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळतं. मी गेली अकरा वर्षं राजारामपुरीतल्या एका खोलीतून गेमला लागणारे आवाज, संगीत आणि स्वतः बनवलेले छोटे कोड्यांचे गेम विकतो. त्यातली तीन वर्षं सगळा माल ‘वाटेल तेवढे द्या’ याच दरानं विकून पाहिला. तुमचा हेतू मला फार मोलाचा वाटतो आणि तो सहा महिन्यांत पैशाअभावी बुडू नये असंही मनापासून वाटतं, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो.

माझे वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्यात गुळाला कधी चांगला दर लागायचा, कधी पडायचा. शेतकऱ्याला जी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, मिळायची तिच्यातली वरची रक्कम रोज वेगळी असायची, पण खाली वजा होणारी हमाली आणि तोलाई जशीच्या तशी. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, उचलायला हमालाला जी ताकद लागते ती गुळाच्या दरावर ठरत नाही. ‘दर घेणाऱ्याच्या हातात असला तरी हमाली त्याच्या हातात नाही’, असं वडील म्हणायचे. गेमच्या दुकानाचं दुखणं नेमकं इथेच आहे. गिऱ्हाईक पाचशे देवो की पाच, त्याला गेम पोचवायचा खर्च तोच, त्याचा ‘डाउनलोड अर्ध्यात थांबला’ हा मेल वाचायला लागणारा वेळ तोच, त्याच्या व्यवहाराची नोंद करायचं काम तेवढंच.

आता तुमच्याच दुकानाचा हिशेब मांडू. एका गिऱ्हाईकानं ४० रुपये दिले. त्यात १८ टक्के जीएसटी आला, म्हणजे मूळ रक्कम ३३ रुपये ९० पैसे. तिचे दहा टक्के, ३ रुपये ३९ पैसे, ही दुकानाची कमाई. पैसे कार्डानं आले तर पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून आपल्याला पोचवणाऱ्या कंपनीचे, साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी, मिळून ९४ पैसे. ते गेम बनवणाऱ्याच्या हिश्शातून गेले असं समजू. गेम १ जीबीचा आहे आणि डाउनलोडचा खर्च जीबीला १ रुपया धरला, तर तुमच्या हातात उरले २ रुपये ३९ पैसे. चौघांपैकी दोघांनी पूर्ण वेळ काम करायचं, त्यांचा घरखर्च, सर्व्हर, सीए, जागा, सगळं मिळून महिन्याला १ लाख २० हजार धरा. कोल्हापुरात हा काही उधळपट्टीचा आकडा नाही. तेवढे भरायला महिन्याला ५० हजारांच्या वर विक्री व्हायला हवी.

आणि हे ५० हजार पैसे देणारे. शून्य देऊन नेणारे वेगळे. शून्यवाल्याचाही १ जीबी जातोच. पैसे देणाऱ्या एकामागे तिघे फुकट नेणारे आले, तर २ रुपये ३९ पैशांतून आणखी तीन रुपये गेले. प्रत्येक विक्रीमागे ६१ पैसे तुमच्या खिशातून. मग गर्दी जेवढी वाढेल तेवढा तोटा वाढेल. हे वाक्य चौघांनी दोनदा वाचा, कारण दुकान बंद पडायच्या महिन्यात तुमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असेल आणि सगळे तुमचं अभिनंदन करत असतील.

४० रुपये हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. ‘वर्ल्ड ऑफ गू’ नावाचा एक सुंदर कोड्यांचा गेम आहे, टूडी बॉय या दोन माणसांच्या स्टुडिओचा. त्याची किंमत २० डॉलर होती. ऑक्टोबर २००९ मध्ये, गेमच्या पहिल्या वाढदिवसाला, त्यांनी तो ‘वाटेल तेवढे द्या’ या दरानं विकला आणि सगळे आकडे जाहीर केले. पहिल्या आठवड्यात सुमारे ५७ हजार लोकांनी घेतला, सरासरी आली २ डॉलरच्या जरा वर. म्हणजे किमतीचा दहावा हिस्सा. चारशे रुपयांचा गेम धरला तर ४० रुपये. त्यातल्या जवळपास १७ हजारांनी एक सेंट दिला होता, आणि एवढ्या बारीक रकमेवर पेपॅल या ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपनीचं शुल्कच रकमेपेक्षा जास्त व्हायचं, त्यामुळे टूडी बॉयच्या हातात त्यातलं काहीच पडलं नाही.

तरीही ती विक्री त्यांच्यासाठी यशस्वी होती. का, ते नीट समजून घ्या. गेमला वर्ष झालं होतं, बनवण्याचा खर्च आधीच वसूल झाला होता, आणि त्या गाजावाजात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पूर्ण किमतीला होणारी त्याची विक्रीही त्या आठवड्यात वाढली. बनवणाऱ्याला हे परवडतं. त्याच्याकडे एक माल आहे, जुना झालेला आहे, आणि दुसरीकडे त्याची ठरलेली किंमत उभी आहे. तुम्ही दुकान काढताय. तुमच्याकडे ‘दुसरीकडे’ नाही.

यानंतरची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, कारण असं दुकान काढावंसं वाटणारे बहुतेक जण तिच्यामुळेच प्रेरित होतात. मे २०१० मध्ये वुल्फायर गेम्स या स्टुडिओनं पहिला हंबल इंडी बंडल काढला. पाच-सहा गेमचा संच, वाटेल ती किंमत, आणि आपण दिलेल्या पैशातले किती बनवणाऱ्यांना, किती धर्मादाय संस्थांना, हे गिऱ्हाईकानंच ठरवायचं. सुमारे १ लाख ३८ हजार लोकांनी मिळून १२ लाख ७० हजार डॉलर दिले. सरासरी नऊ डॉलरच्या आसपास. सात महिन्यांपूर्वी एका गेमला मिळालेल्या सरासरीच्या चौपटीहून जास्त!

हे कसं झालं? संच होता, हे एक. पण मला त्यातल्या दोन गोष्टी आपल्या गल्लीतल्या वाटतात.

गणपतीची वर्गणी आठवा. तालमीची पोरं दारात येतात, पावतीपुस्तक पुढे करतात. ‘किती देऊ?’ या प्रश्नावर कुणी ‘तुमच्या मनाला येईल तेवढे’ असं म्हटलं, तरी देणारा आधी काय करतो? पुस्तकाची मागची पानं चाळतो. शेजारच्यानं २५१ दिलेत, वरच्या मजल्यानं ५०१. मग हात आपोआप त्या आकड्याच्या आसपास जातो. हंबलनं तेच पावतीपुस्तक पानावर उघडं ठेवलं होतं. आतापर्यंतची सरासरी सगळ्यांना दिसायची, सगळ्यात जास्त देणाऱ्यांची नावं दिसायची, एवढंच काय, विंडोज वापरणारे किती देतात आणि लिनक्सवाले किती, हेसुद्धा दिसायचं. लिनक्सवाल्यांची सरासरी सगळ्यांत वर होती आणि त्यांना तिचा अभिमान होता. दुसऱ्या बंडलपासून तर ‘सरासरीपेक्षा जास्त द्या आणि आणखी गेम मिळवा’ अशी योजना आली. आपल्याकडे खासबागेत कुस्ती निकाली झाली की बक्षिसं पुकारली जातात, अमुक यांच्याकडून इतके. त्याच पैलवानासाठी कोपऱ्यात गुपचूप डबा ठेवला असता तर तेवढे पैसे पडले असते असं मला वाटत नाही. चारचौघांत दिलेल्याला वजन असतं.

दुसरी गोष्ट, पैसे कुठे जातात ते दिसणं. याचा सगळ्यात चांगला पुरावा गेममधला नाही, अमेरिकेतल्या एका थीम पार्कमधला आहे. २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोलर कोस्टरसारख्या राइडवर बसलेल्या लोकांना त्यांचा फोटो विकायचा होता. ठरलेली किंमत १२.९५ डॉलर ठेवली तेव्हा दोनशेत एकानं घेतला. ‘वाटेल तेवढे द्या’ म्हटल्यावर घेणारे ८.३९ टक्के झाले, पण सरासरी ९२ सेंट. तिसऱ्या वेळी ‘वाटेल तेवढे द्या, अर्धे पैसे दानाला जातील’ असं सांगितलं. घेणारे जवळपास निम्म्यावर आले, ४.४९ टक्के, पण सरासरी एकदम ५.३३ डॉलर. हजार माणसांमागे हिशेब करा: ठरलेल्या किमतीत सुमारे ६५ डॉलर, नुसत्या वाटेल त्या दरात ७७, आणि दान जोडल्यावर २३९. त्यातले अर्धे दान केल्यावरही दुकानाकडे १२० राहतात. फोटो कमी छापावे लागले, तो फायदा वेगळाच.

मला यातली कमी झालेली गर्दी सगळ्यात महत्त्वाची वाटते. दानाचं नाव आल्यावर फुकट नेणारा माणूस आपणहून बाजूला झाला. चांगल्या कामाच्या नावावर दोन रुपये टाकून माल उचलायला त्याचं मन धजेना. तुमच्या दुकानाला नेमकं हेच हवं आहे: हमाली खाणारी गर्दी कमी, आणि जो येईल तो मनापासून देणारा.

मी स्वतः हे एकदाच, पण फार जवळून पाहिलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर मी माझा सगळा माल एका संचात घातला, पंधरा दिवस वाटेल त्या दराला ठेवला आणि येईल ते सगळं शिरोळ तालुक्यातल्या शाळांच्या वह्या-पुस्तकांना देणार असं लिहिलं. त्याआधी माझ्या पानावर बहुतेक लोक शून्य टाकून न्यायचे. त्या पंधरवड्यात शून्य टाकणारा क्वचित. परदेशात गेलेल्या कोल्हापूरच्या मुलांनी तर संच उघडूनही पाहिला नसेल, नुसते पैसे पाठवले. मला त्यातून एक रुपया राहिला नाही आणि ठेवायचाही नव्हता. पण नंतरच्या वर्षभरात ठरलेल्या किमतीला माझा माल घेणाऱ्यांत त्या वेळी ओळख झालेले बरेच जण होते.

इच डॉट आयओ या स्वतंत्र गेमच्या ऑनलाइन दुकानानं हेच प्रचंड प्रमाणावर केलं. जून २०२० मध्ये वांशिक न्यायासाठीचा त्यांचा संच: सतराशेच्या वर गेम आणि इतर वस्तू, किमान रक्कम ५ डॉलर, ८ लाखांहून जास्त देणारे, ८१ लाख डॉलरच्या वर जमा. म्हणजे किमान रकमेच्या साधारण दुप्पट सरासरी. सगळी रक्कम संस्थांना गेली. दुकानानं आणि बनवणाऱ्यांनी काहीच ठेवलं नाही. हे तुम्ही मनात ठेवा, कारण या आकड्याकडे बोट दाखवून ‘बघा, लोक देतात’ असं म्हणणारे खूप भेटतील. लोक देतात, नक्की देतात. पण एखाद्या साध्या मंगळवारी, एका अनोळखी गेमला, दुकानाचं वीजबिल भरायला देत नाहीत.

ज्या हंबलनं हा दर जगाला दाखवला ती कंपनी पुढे कुठे गेली, तेही पाहा. आधी स्टीमच्या चाव्यांसाठी, म्हणजे स्टीमवर गेम मिळवून देणाऱ्या कोडसाठी, किमान एक डॉलर सक्तीचा करावा लागला, कारण एकेक सेंट देऊन चाव्या गोळा करणाऱ्यांच्या झुंडी आल्या. २०१३ मध्ये ठरलेल्या किमतीचं दुकान उघडलं. २०१५ मध्ये महिन्याला १२ डॉलरची वर्गणी सुरू केली. २०१७ मध्ये ती कंपनी आयजीएन या गेमच्या बातम्या देणाऱ्या कंपनीनं घेतली. आणि २०२१ मध्ये, गिऱ्हाईकानं पैशांची वाटणी ठरवायची सरकपट्टी कशीही सरकवली तरी दुकानाचा किमान १५ ते ३० टक्के वाटा राहील अशी व्यवस्था केली. तेव्हा बरेच चाहते नाराज झाले. मी झालो नाही. अकरा वर्षं चाललेल्या दुकानाला हमाली मागायचा हक्क असतो. माझं म्हणणं एवढंच, की ती पहिल्या दिवशी मागा. सवय लावून नंतर मागितली की लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

इच डॉट आयओची रोजची रचना तुमच्या मनातल्या दुकानाच्या सगळ्यात जवळ आहे, म्हणून तिच्याकडे लक्ष द्या. लीफ कॉर्कोरन यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. तिथे दर ठरवायचा अधिकार बनवणाऱ्याकडे आहे: शून्यापासून वाटेल तेवढे, किंवा अमुक किमान आणि त्यावर वाटेल तेवढे. दुकानाला किती टक्के द्यायचे हेही २०१५ पासून बनवणाराच ठरवतो. काही बदल केला नाही तर दहा टक्के. हे चालतं, पण कशामुळे? सगळं जग गिऱ्हाईक आहे, माणसं मोजकी आहेत, आणि ज्यांना पोट भरायचं आहे ते किमान किंमत लावतातच. दुकानानं कुणावर शून्याची सक्ती केलेली नाही. तुमच्या बेतात ती आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते.

कारण दुकान एकट्याचं नसतं. तुमच्या पानावर एक गेम शून्याला आणि शेजारचा १९९ ला असेल, तर १९९ वाला महाग दिसतो. सगळेच शून्याला असतील, तर तीन वर्षं घासून बनवलेला गेम आणि आठवड्यात जुळवलेला गेम एकाच फळीवर येतात. गिऱ्हाईकाला किंमत ही खूणही असते. ‘हा माल बनवणाऱ्यालाच शून्याचा वाटतो’ असं तो वाचतो. मी तीन वर्षांनी किमती लावल्या तेव्हा मला सगळ्यात आश्चर्य याचं वाटलं की तक्रारी कमी झाल्या. फुकट नेणाऱ्यांच्या तक्रारी पैसे देणाऱ्यांपेक्षा जास्त तिखट असायच्या. का, हे मला आजही पूर्ण उलगडलेलं नाही, पण माल फुकट देणाऱ्या ज्या ज्या माणसाशी बोललो त्यानं हाच अनुभव सांगितला.

तुम्ही म्हणाल, देणग्यांवर वर्षानुवर्षं जगलेले लोक आहेत की. आहेत. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा गेम २००६ मध्ये फुकट दिला आणि सोळा वर्षं चाहत्यांच्या देणग्यांवर काढली. मला त्या दोघांबद्दल नितांत आदर आहे. पण घरात आजारपण आलं, उपचारांच्या खर्चाची धास्ती वाटू लागली, आणि त्यांनी ठरलेल्या किमतीची आवृत्ती काढायचं ठरवलं. डिसेंबर २०२२ मध्ये ती ३० डॉलरला स्टीमवर आली. पुढच्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलेल्या हिशेबात ७२ लाख डॉलरची रक्कम होती. त्याआधीचा महिना पंधरा हजारांच्या आसपासचा होता. चाहते तेच, प्रेम तेच. वर्षानुवर्षं त्या लोकांना द्यायचं होतं, फक्त किती ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता इथल्या अडचणी. पहिली अडचण नव्हे, जमेची बाजू: यूपीआय. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे बँकेला द्यायचं शुल्क, लागत नाही. टूडी बॉयचे जे पैसे पेपॅलनं गिळले ते इथे गिळले जात नाहीत. दहा रुपये दिले तर जवळपास दहा पोचतात. गेटवे कंपनी स्वतःचं शुल्क लावते का ते करारात वाचून घ्या. म्हणून पानावर यूपीआय सगळ्यात वर ठेवा, कार्ड खाली.

कार्डाबद्दल एक धोका कुणी आधी सांगत नाही. गिऱ्हाईकाला एक रुपया टाकायची मुभा असलेलं पान चोरीच्या कार्डांच्या टोळ्यांना फार आवडतं. कार्ड चालू आहे का हे तपासायला ते तिथे एकेक रुपयाचे शेकडो व्यवहार करतात. माझ्याकडे एका रात्रीत हे झालं. सकाळी उठून मी विक्री वाढली म्हणून घरी पेढे आणले, आणि दुपारी पेमेंट कंपनीनं खातं गोठवलं. खऱ्या गिऱ्हाईकांचे पैसेही त्यात सात आठवडे अडकले. चूक माझी होती: किमान रक्कम नव्हती आणि एका ठिकाणाहून किती व्यवहार होतात यावर मर्यादा नव्हती. कार्डासाठी किमान ५० रुपये ठेवा. खातं उघडताना ‘गेमिंग’ एवढाच शब्द लिहू नका. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाल्यापासून या शब्दाकडे संशयानं पाहिलं जातं. आपण विकत घेऊन खेळायचे गेम विकतो, त्यात डाव लावायचा प्रकार नाही, हे पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहा.

जीएसटीबद्दल एवढंच: दुसऱ्यांचा माल विकणाऱ्या ऑनलाइन दुकानानं छोट्या धंद्याची २० लाखांची सूट आपल्याला मिळेल असं गृहीत धरू नये. सुरुवातीलाच सीएकडे जा.

मी तुमच्या जागी असतो तर दुकान असं मांडलं असतं. किमान किंमत बनवणाऱ्यानं ठरवायची, आणि तिच्यावर वाटेल तेवढे द्यायची जागा ठेवायची. शून्य हवं असेल तर तेही त्यानंच निवडायचं, पण शून्याचा गेम ब्राउझरमध्ये खेळता येण्याइतका लहान हवा, म्हणजे हमाली नगण्य राहते. दुकानाचा वाटा नुसता टक्क्यांत नको. प्रत्येक व्यवहारामागे पाच रुपये आणि वर दहा टक्के, असं काहीतरी. पाच रुपये म्हणजे हमाली, टक्के म्हणजे अडत. दोन्ही वेगळे दाखवले की कुणाला डाचत नाही. आमच्या बाजारात शेतकरी अडतीवर भांडायचा, तोललेल्या गुळाच्या तोलाईवर सहसा भांडायचा नाही. वरच्याच हिशेबात ४० रुपयांच्या विक्रीत दुकानाला ३ रुपये ३९ पैशांऐवजी ८ रुपये ३९ पैसे मिळतील, आणि एवढ्यानं महिन्याला लागणारी विक्री ५० हजारांवरून १६-१७ हजारांवर येते. तीही मोठीच आहे. म्हणून पहिली दोन वर्षं चौघांनी नोकऱ्या सोडू नका.

रकमेची बटणं ५०, १००, २५० अशी ठेवू नका. माझ्याकडे रिकामी चौकट होती तेव्हाही मराठी गिऱ्हाईक स्वतःहून ५१, १०१, ५०१ टाकायचं. वरचा तो एक रुपया आला की व्यवहार आहेरासारखा होतो, माणूस घासाघीस विसरतो. मी बटणंच तशी केली आणि मधलं, १०१ चं बटण सगळ्यात जास्त दाबलं जाऊ लागलं. बटणाच्या शेजारी बनवणाऱ्याचं नाव, गाव आणि या गेमवर त्यानं किती महिने काम केलं हे लिहा. इचलकरंजीच्या मुलीनं नोकरी सांभाळून चौदा महिन्यांत बनवलेला गेम, असं वाचल्यावर शून्य टाकणं जड जातं.

आणि जत्रा. मी दिवाळी निवडली असती. १९०९ पासून मराठी घरांना दिवाळीत अंक विकत घ्यायची सवय आहे. फराळासोबत काहीतरी नवं वाचायला, पाहायला लागतं. आठ गेमचा दिवाळी संच, दहा दिवस, किमान ५१, पुढे वाटेल तेवढे. चालू सरासरी पानावर मोठ्या अक्षरांत. सरासरीच्या वर देणाऱ्याला आणखी दोन गेम. एक चतुर्थांश रक्कम एका ठरावीक कामाला, आणि ते काम अगदी ठोस: एखाद्या गावातल्या शाळेची संगणक खोली, नावासकट, फोटोसकट, नंतर पावतीसकट. ‘समाजकार्याला’ असं मोघम लिहिलं तर माणूस हात आखडता घेतो. संचातले गेम वर्षभर जुने असू द्या. नवा गेम जत्रेत आणला तर त्याची रोजची किंमत कायमची पडते. दुसरी जत्रा उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्या. तिसरीची घाई नको, सारखी जत्रा भरली की लोक मधल्या दिवसांत खरेदीच थांबवतात.

ज्या थोड्या लोकांना दुकान जगावं असं खरोखर वाटतं, त्यांच्यासाठी यूपीआय ऑटोपेवर महिन्याला १०१ ची सभासद वर्गणी ठेवा. अन्नछत्र कसं चालतं पाहिलंत ना? पंगतीला बसणाऱ्यानं पानामागे काय टाकलं यावर ते चालत नाही. धान्याची पोती पाठवणारे वेगळे असतात आणि त्यांची नावं भिंतीवर असतात. हजार सभासद मिळाले, तर गेटवे आणि कर वजा जाता महिन्याचा बराचसा खर्च निघेल, आणि मग हवे तेवढे छोटे गेम शून्याला ठेवायची तुमची इच्छाही कुणाच्या पोटावर पाय न देता पुरी होईल.

शेवटी एक काम पहिल्या महिन्यापासून करा. प्रत्येक बनवणाऱ्याला दर महिन्याला पट्टी पाठवा: किती माणसं आली, किती शून्याला नेलं, किती पैसे आले, जीएसटी किती, गेटवे किती, हमाली किती, अडत किती, हातात किती. एका पानात, मराठीत. वडिलांच्या कपाटात जुन्या पट्ट्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. नमुना हवा असेल तर रविवारी सकाळी घरी या, एक काढून देतो.